उलटा वाचलेला रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये टॉर्चच्या प्लेटा मंगळवारी आणि शुक्रवारी लागतात. किट महाग, एका वेळी दोन-चार सॅम्पलसाठी फोडणं परवडत नाही, म्हणून सॅम्पल साठवून एकदम लावायची. शहाण्णव खळग्यांची पारदर्शक प्लेट, तळहातापेक्षा थोडी मोठी. एकेका खळग्यात एकेका बाईचं सिरम. शेवटचं द्रावण घातलं की खळग्यात निळा रंग चढायला लागतो. वेळ झाली की त्यावर आम्ल सोडायचं, निळ्याचा पिवळा होतो. पिवळा जितका गडद तितक्या अँटिबॉडी जास्त. मशीनने आकडा द्यायच्या आधीच नुसत्या नजरेला कळतं, कुणाचा खळगा हळदीसारखा झालाय आणि कुणाचा पाण्यासारखा राहिलाय.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेवीस वर्षं हे काम करते आहे. त्यातली निदान दहा वर्षं मी हे रंग बघत होते, आकडे लिहीत होते, आणि त्या आकड्यांचं पुढे घरोघर काय होतं याचा विचार करत नव्हते.

टॉर्च हे चार-पाच संसर्गांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. त्यातला ‘टी’ टोक्सोप्लाझ्माचा. गावात त्याला ‘मांजराचा रोग’ म्हणतात. मूल पडलं, दुसऱ्यांदा पडलं, की कुणीतरी टॉर्च लिहून देतं. बाई दोन-अडीच हजार रुपये मोजते. आणि रिपोर्टवर जाड अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ आलं, की त्या घरात पुढची दोन वर्षं दुसरं काही बोललं जात नाही.

अशीच एक मुलगी सासूबरोबर आली होती. गणपतीच्या आधीचे दिवस, काउंटरवर गर्दी. मुलगी सव्वीस-सत्तावीसची, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, दुसरा महिना. आधीची दोन तिसऱ्या महिन्याच्या आतच गेलेली. सासूने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली आणि म्हणाली, “ताई, हिला मांजराचा रोग आहे. माहेराहून आणलान. गेला की नाही ते बघा.”

मुलगी काही बोलली नाही. फाइलमध्ये दोन वर्षांतले तीन रिपोर्ट होते, तीन लॅबचे. तिन्हीत एकच गोष्ट: टोक्सो आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. तेवढ्यावर तिला स्पायरामायसिनचे दोन कोर्स झाले होते. तीस लाख युनिटच्या मोठाल्या गोळ्या, दिवसातून तीनदा. पोट बिघडायचं, तरी तिने घेतल्या. घरातला बोका पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून आले होते. माहेरी मांजरं आहेत म्हणून दोन वर्षं तिचं माहेरी जाणं बंद होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीला ही शिक्षा. आणि तिसरा रिपोर्ट आमच्या लॅबचा होता. त्यावर ‘पॉझिटिव्ह’च्या खाली लाल रेघ मारलेली होती, आणि डॉक्टरांच्या सहीशेजारी माझी सही होती.

ती रेघ मीच मारली होती. रिपोर्टमध्ये काही वेगळं दिसलं की नजरेत यावं म्हणून रेघ मारायची, ही आमची पद्धत. चूक आकड्यात नव्हती. आकडा बरोबरच होता. पण ती रेघ बघून तिच्या सासरच्यांनी काय वाचलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग झाला की शरीर आधी आयजीएम नावाची अँटिबॉडी तयार करतं, साधारण आठवड्याभरात. आयजीजी त्याच्या मागून येते आणि जन्मभर राहते. म्हणजे आयजीएम नाही, नुसती आयजीजी आहे, याचा अर्थ एवढाच, की कधीतरी लहानपणी, मातीत खेळताना, न धुतलेला पेरू खाताना, हा जंतू पोटात गेला, चार दिवस कणकण आली असेल किंवा तीही नाही, आणि शरीराने त्याला कोंडून टाकलं. अशा बाईची प्रतिकारशक्ती शाबूत असेल, तर पुढच्या गरोदरपणात बाळाला हा संसर्ग होण्याची भीती जवळजवळ नसते. तिच्या रक्तात तयार असलेली आयजीजी हे बाळाचं संरक्षण आहे. जिच्या घरात रोग म्हणून जे हिणवलं जात होतं ते खरं तर तिचं चिलखत होतं. आणि ती आयजीजी गोळ्यांनी जात नाही, जायची गरजही नाही. ‘गेला की नाही ते बघा’ म्हणून दर सहा महिन्यांनी तपासलं तर दर सहा महिन्यांनी ती पॉझिटिव्हच येणार.

निदान सांगणं हे माझं काम नाही. मी आत जाऊन आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना फाइल दाखवली. ते केबिनमधून बाहेर आले, बाकावर त्या दोघींच्या शेजारी बसले आणि सगळं समजावून सांगितलं. सासूने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग पोरं का गेली?”

तो प्रश्न रास्त होता. डॉक्टर म्हणाले, “आजी, ती याच्याने गेली नाहीत. दुसरं काय ते शोधायला हवं. थायरॉइड बघू, साखर बघू, गर्भाशयाची रचना बघू. कधी कधी सगळं तपासूनही कारण सापडत नाही. पण हिच्या माहेरच्या मांजराचा यात दोष नाही.” गरोदरपणात पहिल्यांदाच हा संसर्ग झाला तर मूल जाऊ शकतं, हे खरं. पण एकाच बाईचा तो पुन्हा पुन्हा गर्भपात करवत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे, की वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण शोधायला टॉर्चचा उपयोग नाही. आपल्याकडे मात्र ती चिठ्ठी अजून लिहिली जाते.

मुलगी निघताना माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, म्हणजे मी आईकडे जाऊ शकते?” सातव्या महिन्यात ती पुन्हा आली, साखर तपासायला. बरोबर तिची आई होती.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट आहे आणि ती मला जास्त सलते.

एक प्राथमिक शिक्षिका. हौशी, बोलकी, घरामागे परसबाग, गोंडा, अबोली, वांगी, मिरच्या, सगळं स्वतःच्या हाताने लावलेलं. दुसऱ्या महिन्यात तिचं टॉर्च केलं. आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. दोन्ही खळगे पाण्यासारखे. मी रिपोर्ट हातात देताना म्हटलं, “सगळं निगेटिव्ह आहे बाई, काही काळजी करू नका.” ती हसली. तिच्या डॉक्टरांनीही फाइलवर ‘नॉर्मल’ लिहिलं.

पाचव्या महिन्यात तिच्या मानेला गाठी आल्या. थोडा ताप, अंग मोडून आल्यासारखं. तीन आठवड्यांत गाठी ओसरल्या, कुणाला त्यात काही वाटलं नाही. मुलगा पूर्ण दिवसांचा, पावणेतीन किलोचा झाला. सहा वर्षांचा असताना शाळेत डोळे तपासले तर डाव्या डोळ्याने त्याला फळ्यावरचं अक्षर दिसत नव्हतं. नेत्रतज्ज्ञांनी आतला पडदा बघितला: बरोबर मधोमध जुना, काळ्या कडांचा व्रण. चष्म्याने न सुधारणारा. मायलेकांचं रक्त आमच्याकडे आलं, दोघांची आयजीजी पॉझिटिव्ह. मी जुनं रजिस्टर काढलं. माझ्या अक्षरात तिचं नाव, पुढे निगेटिव्ह, निगेटिव्ह.

तिला संसर्ग गरोदरपणातच झाला, हे कागदावर सिद्ध होत नाही. मुलाला तो नंतर मातीतूनही झालेला असू शकतो. पण पाचव्या महिन्यातल्या त्या गाठी आणि तो व्रण एकत्र बघणाऱ्या डॉक्टरांना फारशी शंका नव्हती. जन्मतः संसर्ग झालेली बहुतेक बाळं दिसायला धडधाकट असतात. डोळ्यातला दोष काही वर्षांनी उघड होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘काही काळजी करू नका’ हे मी नेमकं चुकीच्या बाईला म्हटलं होतं. तिच्याकडे चिलखत नव्हतं. तिलाच सांगायला हवं होतं, की बागेत हातमोजे घाल, हात साबणाने धुऊन मगच घास तोंडात घाल. आणि जिच्याकडे चिलखत होतं, तिच्या नावाखाली मी लाल रेघ मारत होते.

आपल्याकडे ही उलटापालट फार महागात पडते, कारण आपल्या बहुतेक बायका निगेटिव्ह आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांपैकी साधारण २२ टक्क्यांत आयजीजी सापडली. दक्षिणेत ३७ टक्के, आणि पश्चिम भारतात सगळ्यांत कमी, ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या दहातल्या नऊजणींना हा जंतू अजून भेटलेलाच नाही. त्या नऊजणींना आपण पेढे वाटायला सांगतो, आणि दहावीला औषधांवर ठेवतो.

हा जंतू १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना गुंडी नावाच्या एका लहानशा प्राण्यात सापडला. स्लाइडवर तो चंद्रकोरीसारखा दिसतो. धनुष्यासारखा आकार, म्हणून ग्रीक शब्दावरून टोक्सोप्लाझ्मा. मांजराचा आणि त्याचा संबंध मात्र उलगडायला १९७० उजाडलं. साठ वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं, की हा जंतू आपली अंडी फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात घालतो.

पण म्हणून घरातलं मांजर पोत्यात घालायचं नाही. मांजर ही अंडी जन्मभर टाकत नाही. पहिल्यांदा उंदीर-पाखरं मारायला लागलेल्या पिल्लाला संसर्ग झाला की एक-दोन आठवडे, फार तर तीन, त्याच्या विष्ठेतून ती पडतात, तीही लाखोंनी. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, ती पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज उचलली, आणि गरोदर बाईने न उचलता घरातल्या दुसऱ्या कुणी उचलली, तर निम्मं काम झालं. मांडीवर बसलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्याने हा रोग होत नाही. खरा धोका मांजर निघून गेल्यावर मागे उरलेल्या मातीत आहे. ओलसर मातीत ती अंडी वर्षभर, त्याहूनही जास्त तग धरतात. आमच्या कोकणात मांजर घाण करतं कुठे? चुलीच्या राखेत, अंगणातल्या मऊ मातीत, बांधकामाला आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगात, भाजीच्या वाफ्यात. उकरायला मऊ जागा त्याला लागते. पावसाने ते सगळं विहिरीकडे, पऱ्ह्याकडे वाहून जातं. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनला ही अंडी दाद देत नाहीत, पाणी उकळलं तरच मरतात. २००४-०५ मध्ये कोइमतूर शहरात २४८ जणांच्या डोळ्यांच्या पडद्याला या जंतूची बाधा झाली, तेव्हा डॉक्टरांचा संशय पिण्याच्या पाण्यावरच होता.

लावणीच्या दिवसांत मी आशाताईंच्या बैठकीला जाते, तेव्हा हेच सांगते. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत बायका चिखलात उभ्या राहून रोपं लावतात. चिखलाने कातडीतून हा जंतू आत जात नाही, त्याला तोंडातूनच जावं लागतं. पण दुपारी बांधावर बसून भाकरी खाताना हात कशाने धुतात? त्याच शेतातल्या पाण्याने. घरून एक बाटली उकळलेलं पाणी आणि साबणाची चिपाटी नेली तरी पुरे. हे ऐकून एकदा एक आशाताई म्हणाल्या, “म्याडम, साबण न्यायला कुणाची ना नाही. पण मुकादम हात धुण्यात वेळ गेला की ओरडतो.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही सरपंचांना गाठलं आणि लावणीच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय घेतला.

मटणाची गोष्ट वेगळी. युरोपात कच्चट मांस खातात, तिथे मांसातल्या गाठींमधून पुष्कळ संसर्ग होतो. आपल्याकडे मटण शिट्ट्या होईपर्यंत शिजतं, आणि ६७ अंशांवर त्या गाठी मरतात. पानात वाढलेल्या रश्शाची भीती नको. आपला धोका ओट्यावर आहे. माझ्या सासूबाईंच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकले, त्यामुळे हे डोळ्यांसमोर आहे: रविवारी मटण विळीवर मोठं-लहान करायचं, पातं ओल्या फडक्याने पुसायचं, आणि त्याच विळीवर काकडी, कांदा, कोथिंबीर. ती कोशिंबीर कच्चीच पानात येते. किंवा खिम्याच्या कबाबाला मीठ बरोबर पडलंय का म्हणून कच्च्या खिम्याचा कण जिभेला लावून बघायचा. आमच्या घरात आता मटणाला वेगळी सुरी आणि वेगळा पाट आहे. भाजीवालीकडची कोथिंबीर मुळांच्या मातीसकट येते, ती तीन पाण्यांतून काढायची, आणि गरोदर बाईच्या पानात शक्यतो शिजवूनच घालायची. शेळीचं दूध औषधी म्हणून कच्चं पाजतात, तेही नको, तापवून द्या. त्यातूनही हा जंतू जातो.

एकदा खरोखर आयजीएम पॉझिटिव्ह आली. मुलगी दहा आठवड्यांची गरोदर, आयजीजीही पॉझिटिव्ह. घरी मूल ठेवायचं की नाही, यावर बोलणी सुरू झाली होती. नवरा म्हणत होता, लवकर काय ते उरकू. आम्ही त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, थांबा, ॲव्हिडिटी करू. सॅम्पल मुंबईला गेलं. या तपासणीत एकच सिरम दोन खळग्यांत घालतात आणि एक खळगा युरियाने धुतात. संसर्ग नवा असेल तर अँटिबॉडीची पकड सैल असते, युरियाने ती सुटून येते. जुनी अँटिबॉडी घट्ट धरून बसते. पकड घट्ट निघाली तर गेल्या चार महिन्यांत संसर्ग झालेला नाही असं खात्रीने सांगता येतं. पकड सैल निघाली म्हणून संसर्ग नवाच, असं मात्र म्हणता येत नाही.

आठ दिवस ती मुलगी रोज फोन करायची. रिपोर्ट आला: पकड घट्ट. म्हणजे संसर्ग दिवस राहण्याच्या आधीचा. आयजीएम कधी कधी वर्ष-वर्ष मागे रेंगाळते, तशी ती रेंगाळली होती. एका आयजीएमवर मूल पाडलं गेलं असतं. असं किती ठिकाणी झालं असेल, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

आणि संसर्ग खरोखर नवा निघाला तरी सगळं संपलं असं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत तो आईकडून बाळाकडे जाण्याची शक्यता कमी, पंधरा टक्क्यांच्या आत-बाहेर, पण गेला तर मेंदूला, डोळ्यांना इजा मोठी. शेवटच्या तीन महिन्यांत साठ टक्क्यांच्या वर बाळांपर्यंत तो पोचतो, पण इजा सहसा सौम्य. सुरुवातीच्या महिन्यांत जंतू वारेपलीकडे जाऊ नये म्हणून स्पायरामायसिन देतात. ज्या गोळ्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलीला विनाकारण खायला लावल्या, त्यांची खरी जागा इथे. अठरा आठवड्यांनंतर गर्भजलाची पीसीआर करून बाळाला लागण झाली आहे का ते बघता येतं, आणि झाली असेल तर वेगळी औषधं आहेत. फ्रान्समध्ये १९७८ पासून गरोदर बायकांची ही तपासणी होते, आणि १९९२ पासून जी निगेटिव्ह निघेल तिचीच दर महिन्याला पुन्हा. तिथे लक्ष निगेटिव्ह बाईवर असतं. दर महिन्याची तपासणी आपल्याला पेलणार नाही, पण लक्ष कुणावर ठेवायचं ते तरी त्यांच्याकडून घ्यावं.

आता आमच्या लॅबमध्ये लाल रेघ मारत नाहीत. डॉक्टरांशी बोलून दोन रबरी शिक्के करून घेतले, मराठीत. एकावर: ‘आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह: संसर्ग जुना आहे. यासाठी औषधाची गरज नसते. पुन्हा तपासू नये.’ दुसऱ्यावर: ‘दोन्ही निगेटिव्ह: तुम्हाला हा संसर्ग अजून झालेला नाही, म्हणून बाळंतपणापर्यंत जपा. माती, कच्चं मांस, न धुतलेली भाजी. मानेला गाठी आल्या तर डॉक्टरांना दाखवा.’ शाई जांभळी. दुसरा शिक्का पहिल्यापेक्षा लवकर झिजला.

ती शिक्षिका अजून त्याच शाळेत आहे. मुलगा आता दहावीला आहे, उजव्या डोळ्याने वाचतो, अभ्यासात चांगला आहे. बाजारात भेटली की ती थांबून बोलते. मी एकदा तिला सगळं सांगितलं, तो रिपोर्ट देताना मी काय म्हणाले होते तेही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “मला नाही सांगितलंत, पण आता प्रत्येकीला सांगा.”

म्हणून सांगते. तुमच्या घरात, शेजारी, कुणी गरोदर असेल आणि असा रिपोर्ट हातात आला, तर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द बघायच्या आधी त्याच्या डाव्या बाजूला आयजीजी लिहिलंय की आयजीएम, तेवढं वाचा. आणि दोन्ही निगेटिव्ह असतील, तर त्याच दिवशी मटणाची सुरी वेगळी काढा.